तिसऱ्या मजल्यावरचं चालतं मशीन

विद्यापीठाला येत्या शनिवारपर्यंत कळवायचं होतं, आणि सोमवार उजाडला तरी मुंगीच्या तोंडून धड हो निघत नव्हतं की धड नाही. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. मार्क होते, जागा होती, वसतिगृहात खोलीसुद्धा होती. नव्हती ती फक्त मुंगीची खात्री.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून पडलं, आणि पुढे ती बापापेक्षा वीतभर उंच झाली तरी ते बदलायचं कोणाला सुचलं नाही. गणितात तिचा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं. अडचण वेगळीच होती. तिची अशी पक्की समजूत होती की इंजिनिअर होणारी मुलं लहानपणीच रेडिओ खोलून बसतात. हाताला लागेल ते उघडतात, परत जोडतात आणि एखादा स्क्रू उरलाच तर गुपचूप खिशात टाकतात. मुंगीनं जन्मात काही उघडलं नव्हतं. बिस्किटांचा पुडासुद्धा ती कात्रीनं, छापलेल्या रेघेवरून कापायची. पहिल्याच दिवशी कोणीतरी हातात पाना देणार आणि सगळ्या वर्गासमोर आपलं बिंग फुटणार, हे चित्र तिला जेवताना, आंघोळ करताना, केव्हाही दिसायचं. त्यापेक्षा इथेच राहावं, बाबांच्या हाताखाली चष्म्याचं काम शिकावं, त्यांच्या दुकानात बसावं. तिथे निदान सगळे खण तरी ओळखीचे होते. पण आपण भितो आहोत, हे सांगायचीही तिला लाज वाटायची.

"निर्णय तुझा, बाळा. तू काहीही ठरव. आमचं काही म्हणणं नाही," असं बाबा रोज सकाळी न चुकता सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज इतका जड व्हायचा, की त्यापेक्षा त्यांनी सरळ दम दिला असता तर बरं झालं असतं.

आई दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. दिवसभर आ वासून पडलेल्या माणसांशी बोलायची सवय असल्यामुळे प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे सरकायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. "जाणारेस ना गं तू? जाडी चादर घ्यावी लागेल. गॅस बंद केलास का?"

त्यांची इमारत तीन मजली. खाली रस्त्याला लागून बाबांचं चष्म्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर पोस्टमास्तरकाका आणि काकू, दुसऱ्यावर मुंगीचं घर, आणि तिसऱ्यावर गाण्याच्या बाई एकट्या. पोस्टमास्तरकाका नोकरीतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण वाटप काही थांबलं नव्हतं. पूर्वी पत्रं वाटायचे, आता बातम्या वाटत.

सोमवारी सकाळी जिन्यात त्यांनी मुंगीला गाठलं. तिच्या हातात दुधाची पिशवी होती आणि ती कोपऱ्यातून गळत होती.

"काय मग? काय ठरलं?"

"विचार चाललाय, काका."

"अजून विचारच? अगं, एवढ्या वेळात लोक लग्न करून मोकळे होतात. मला आपलं एका शब्दात सांग. जाणार की नाही?"

दूध मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आलं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर काकांनी 'का' विचारलं असतं. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर त्यांनी पायरीवर बसून समजावलं असतं. सगळ्यांत लवकर सुटका ज्यात होती, तो शब्द तिनं उच्चारला.

"जाणार, काका. ठरलं."

एवढं बोलून ती वर पळाली. दूध पातेल्यात ओतलं, हात धुतला आणि आपण नेमकं काय बोलून बसलो हे तिच्या ध्यानात आलं. काकांना गाठून सांगावं, म्हणून ती खाली धावली. पण काका केव्हाच रस्त्याला लागले होते.

दुपारी बाबा दुकान तसंच उघडं टाकून वर आले. असं ते कधीच करत नसत. दारात उभे राहिले, बोलायला गेले, बोलता आलं नाही, म्हणून चष्मा काढून पुसायला लागले. "मला आधी सांगायचंस की गं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. चष्म्याशिवाय त्यांना जवळजवळ काहीच दिसत नसे, त्यामुळे मुलीची पाठ म्हणून त्यांनी जी प्रेमानं थोपटली, ती खुंटीवर अडकवलेल्या रेनकोटची.

"बाबा, मी इकडे आहे."

"हो हो. तू इकडेच आहेस," असं म्हणून बाबांनी तिला जवळ घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. आता या माणसाला काय सांगायचं? उद्या सांगू, असं मुंगीनं ठरवलं. उद्यापर्यंत ते जरा सावरतील.

पण उद्याच्या आधी पोस्टमास्तरकाकू मिक्सर घेऊन हजर झाल्या. "बघ गं जरा याला काय झालंय. तू आता त्यातलीच."

"काकू, मला त्यातलं काहीच कळत नाही."

"शिकलेली माणसं असंच म्हणतात," काकूंनी मिक्सर तिच्या मांडीवर ठेवला.

काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून मुंगीनं भांडं काढलं, आत बघितलं, परत बसवलं. भांडं पहिल्यांदा खाचेत नीट बसलंच नव्हतं, ते आता बसलं. बटण दाबताच मिक्सर असा काही गरजला की काकूंनी दोन्ही हात गालांवर नेले. "नुसता हात लावला पोरीनं!"

दुसऱ्या दिवशी त्यांचं भिंतीवरचं घड्याळ आलं. त्यात सेल उलटा घातला होता. मग बाबांनीच, जरा लाजत, दुकानाच्या पाटीवरचा दिवा दाखवला. तो नुसता सैल झाला होता. मुंगीनं तो पिळला आणि पाटी उजळली. खाली उभ्या असलेल्या चार माणसांकडे बाबांनी असं पाहिलं, की जणू वीज आत्ताच शोधली गेली आहे.

आपण काहीच केलेलं नाही, हे फक्त मुंगीला ठाऊक होतं. चुका झाल्या असत्या तर निदान त्यांच्याआड लपता आलं असतं. प्रत्येक कौतुकानं तिच्या कानाच्या पाळ्या तापत आणि खोटं एकेक मजला वर चढत असे. विद्यापीठाला तर तिनं अजून काहीच कळवलेलं नव्हतं. बाबांना सांगायला ती दोनदा दुकानात गेली. पहिल्या वेळी ते एका गिऱ्हाइकाला तिच्याबद्दलच सांगत होते. दुसऱ्या वेळी तेच गिऱ्हाईक ती बातमी दुसऱ्याला सांगत होतं आणि बाबा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे मान डोलवत होते.

गुरुवारी दुपारी वरून गाण्याच्या बाईंचं बोलावणं आलं.

बाईंच्या भाच्यानं त्यांना नवंकोरं वॉशिंग मशीन भेट दिलं होतं. स्वतः आणून, एका हातात फोन धरून, दुसऱ्या हातानं जोडूनही दिलं होतं. मशीन कपडे उत्तम धुवायचं, पण पिळायची वेळ आली की ते चालायचं. चालायचं म्हणजे अक्षरशः. थडथडत, उड्या मारत, न्हाणीघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीकडे निघायचं.

"स्वभाव आहे त्याचा," बाई म्हणाल्या. "मी त्याच्या पुढ्यात स्टूल ठेवते. पण परवा स्टूलच मोडलं. तू बघ. काकू सांगत होत्या, तुझ्या हाताला गुण आहे."

"बाई, खरं सांगू का..."

"नंतर सांग. शिकवणीची मुलगी आलीय माझी. तिचा सूर आत्ता कुठे लागतोय." बाई पेटीवर जाऊन बसल्या.

मुंगी मशीनसमोर उभी राहिली. मशीन पांढरंशुभ्र आणि निरागस दिसत होतं. जमीन उतरती असणार, तिनं विचार केला. चेंडू उतारावरून घरंगळतो, तसं हे मशीन. विचार तसा चुकीचा नव्हता, फक्त इथे लागू नव्हता. तिनं एक खोका फाडून पुठ्ठ्याच्या घड्या केल्या, मशीन पुढे ओढलं, एकेक पाय उचलून खाली घड्या सारल्या. जिभेचं टोक दातांत धरून तिनं पाण्याचा पेला मशीनच्या डोक्यावर ठेवला आणि पाणी सपाट दिसेपर्यंत घड्या कमीजास्त केल्या. त्या अर्ध्या तासात तिला लाज आठवलीही नाही.

"झालं बाई. लावू का?"

"लाव आणि इकडे ये. दार ओढून घे, आवाज येतो."

तिनं पेला उचलून घेतला, बटण दाबलं, दार ओढलं आणि ती बाहेर येऊन बसली. मशीन घुमत होतं, मुलगी 'सा' लावत होती, बाई डोळे मिटून मान हलवत होत्या. बराच वेळ सगळं छान चाललं. मग पिळणं सुरू झालं. थड थड थड. आवाज पुढे सरकत होता. मग धाडकन काहीतरी दारावर आदळलं, आणि त्यामागोमाग जोरात फवारा उडाल्यासारखा आवाज.

मुंगीनं धावत जाऊन दार ढकललं. दार हलेना. न्हाणीघराचं दार आत उघडणारं होतं, आणि आतून त्याला टेकून मशीन उभं होतं. भिंतीपासून थेट दारापर्यंत चालत येताना त्यानं आपली नळी नळावरून उपसून काढली होती.

"आत कोण आहे?" बाईंनी दारावर थाप मारली.

"बाई, आत मशीन आहे!"

"मग कडी कोणी लावली?"

दाराखालून पाणी यायला लागलं. न्हाणीघरात जाळी होती, पाणी तिथून जायला हवं होतं. पण जाळीवर काय जाऊन बसलं होतं हे मुंगीला न बघताच कळलं. तिच्या पुठ्ठ्याच्या सगळ्या घड्या. पाणी दिवाणखान्यात शिरलं, पेटीकडे निघालं. शिकवणीच्या मुलीनं पेटी डोक्यावर घेतली, आणि आता गायचं की थांबायचं हे कोणी न सांगितल्यामुळे ती 'सा' धरून उभी राहिली.

मुख्य कॉक खाली, दुकानाच्या मागच्या खोलीत होता. मुंगी जिन्यावरून सुटली. पाणीही सुटलं होतं, आणि त्याची वाट सरळ होती. तिच्या स्वतःच्या घरासमोरून ते पुढे गेलं, पोस्टमास्तरकाकांचं पायपुसणं उचलून सोबत घेतलं, आणि मागच्या दारानं दुकानात शिरलं. मुंगी आणि पाणी एकदमच पोचले.

बाबा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते. म्हाताऱ्याच्या नाकावर जड लोखंडी चौकट होती.

"खालची ओळ वाचा. काय दिसतंय?"

"पाणी दिसतंय," म्हातारा म्हणाला.

"डोळ्यांना पाणी येतंय?"

"नाही हो, जमिनीवर."

बाबांनी काच बदलली. "आता?"

"आता जास्त स्पष्ट दिसतंय. पायपुसणंसुद्धा दिसतंय."

"बाबा! कॉक!" मुंगी ओरडली.

बाबांनी वळून पाहिलं आणि एका क्षणात सगळं सोडून मागच्या खोलीकडे धावले. तिला कुलूप होतं. किल्ली पोस्टमास्तरकाकांकडे, कारण इमारतीची व्यवस्था ते बघत. आणि काका गावात. आई त्या वेळी कामावरून परतली होती. तिनं पर्स गळ्यात अडकवली, साबणाची बादली घेतली आणि काही न विचारता पाणी रस्त्यावर लोटायला लागली. "हे कुठून येतंय? जेवलीस का तू?"

तेवढ्यात काका आले. एकटे नव्हते. कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा मालक त्यांच्यासोबत होता; त्याला खास इंजिनिअर दाखवायला आणलं होतं. घोटाभर पाण्यात उभं राहून काकांनी खिशातून किल्ली काढली, बाबांच्या हातात दिली आणि पाहुण्याला म्हणाले, "घाबरायचं काम नाही. आपल्याकडे घरचीच इंजिनिअर आहे. ही बघा!"

सगळे मुंगीकडे बघायला लागले. ती गुडघ्यापर्यंत भिजलेली, केसांना पुठ्ठ्याचा लगदा, हातात अजून तो पाण्याचा पेला. वरून गाण्याच्या बाई आणि काकू साडी सावरत, पायरी पायरी चाचपत उतरत होत्या. पाण्याचा जोर ओसरला. बाबांना कॉक मिळाला होता. एकदम शांत झालं. त्या शांततेत मुंगीला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"मी इंजिनिअर नाहीये. मिक्सरचं भांडं नीट बसलं नव्हतं, काकू. घड्याळात सेल उलटा होता. आणि हे सगळं पाणी माझ्यामुळे आलंय. मी जाणार आहे असं मी सांगितलं, पण ते खोटं होतं. दूध गळत होतं म्हणून सांगितलं. मी विद्यापीठाला अजून काहीच कळवलेलं नाही."

 काका पाहुण्याकडे बघत राहिले, पाहुणा छताकडे. म्हातारा गिऱ्हाईक चौकटीतून डोळे बारीक करून म्हणाला, "रडतेय वाटतं मुलगी." काच फारच चांगली लागली होती.

बाबा मागच्या खोलीच्या दारात उभे होते. हातात किल्ली तशीच. "म्हणजे मी आता सगळ्यांना काय सांगू?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. निघाल्याबरोबर त्यांनी ओठ मिटले, पण शब्द बाहेर पडला तो पडलाच. ते वळले आणि कोपऱ्यातली केरसुणी शोधायला लागले, ती समोरच असताना.

संध्याकाळ पुसण्यात गेली. मुंगी एकेका घरी जाऊन माफी मागून आली. काकूंनी दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि घड्याळाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तरीच मेलं सोपं वाटत होतं." काकांनी तोंड पेपरमागे लपवलं होतं; चार दिवस वाटलेली बातमी परत गोळा कशी करायची, हा प्रश्न त्यांच्यासमोर नोकरीतही कधी आला नसावा. गाण्याच्या बाईंनी उलट तिलाच एक टॉवेल दिला, पण दारातूनच. आत ये म्हणाल्या नाहीत.

दुकान बंद करायच्या वेळेला ती बाबांपाशी गेली. ते ओल्या झालेल्या डब्या उघडून एकेक चौकट फडक्यावर मांडत होते. तीही मांडायला लागली.

"बाबा, चुकलं माझं."

"तुझं चुकलं ते पाण्याचं," बाबा वर न बघता म्हणाले. "बाकीचं माझं. तू मला सांगितलंच नव्हतंस. काकांकडून ऐकलं आणि तेवढ्यावर नाचत सुटलो. तुला येऊन विचारावंसं वाटलं होतं मला, खरं की खोटं. पण विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर, म्हणून नाही विचारलं. आणि आज दुपारी सगळ्यांसमोर जे बोललो..." त्यांनी फडकं उगीच सरळ केलं. "लोकांना काय सांगू म्हणे! मलाच लाज वाटतेय."

 दोघंही बराच वेळ मान खाली घालून काचा पुसत राहिले, आधीच पुसलेल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठरवून टाकलं. जी मुलगी तीन मजले बुडवते तिनं इंजिनिअरिंगला जाणं म्हणजे समाजाला धोका आहे. तिनं विद्यापीठात फोन लावला आणि आपल्याला प्रवेश नको असं सांगितलं.

"कारण?" कार्यालयातल्या बाईंनी विचारलं.

"मी लायक नाही."

"असं कारण आमच्याकडे नाहीये. आजार, परदेश, दुसरीकडे प्रवेश, यातलं काही आहे का? नाही? मग थांबा, विभागात जोडून देते."

पलीकडे एक घोगरा आवाज आला. ते प्राध्यापक होते, आणि घाईत होते. त्यांनी पुन्हा कारण विचारलं. मुंगीला आता लपवायचं काही उरलंच नव्हतं. तिनं मशीनपासून पायपुसण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की पलीकडची घाई थांबली आहे.

"पेला ठेवून पातळी बघितलीस?"

"हो. पाणी अगदी सपाट होतं."

"तरी चाललं?"

"आधीपेक्षा जास्त."

"कोणत्या दिशेनं? उताराच्या की उलट?"

मुंगी थांबली. तिनं डोळे मिटून न्हाणीघर आठवलं. "उलट. म्हणजे चढाकडे गेलं ते! मग उताराचा काही संबंधच नव्हता."

"मशीन नवीन आहे? मागचे बोल्ट काढलेत?"

"कुठले बोल्ट?"

पलीकडे असा आवाज झाला, की प्राध्यापक खुर्चीत मागे रेलले असावेत. "नाही काढलेत तर. अगं, गाडीतून आणताना आतलं पिंप हलू नये म्हणून मागून लांब बोल्ट घालून ते आवळून टाकतात. घरी आलं की ते काढायचे असतात. नाहीतर पिंप एकटं हलूच शकत नाही. हलतं ते सगळं मशीन."

"हे सगळ्यांना माहीत असतं?"

 प्राध्यापकांनी आवाज खाली आणला. "मी इथे कंपनं शिकवतो. यंत्रं का थरथरतात, हाच माझा विषय. आणि आमच्या घरचं मशीन दीड वर्ष चालत होतं. मी त्याच्याखाली रबर घातलं, लाकूड घातलं, त्याच्यावर एक भाषणसुद्धा दिलं. शेवटी बायकोनं सोबतचा कागद वाचला. अजून पाहुणे आले की ती हे सांगते, आणि मी चहा बघायला आत जातो." त्यांनी घसा साफ केला. "बरं, तुझा नकार लिहून घेऊ ना?"

"एक मिनिट," मुंगी म्हणाली, "मी परत करते फोन," आणि तिनं फोन ठेवलासुद्धा.

गाण्याच्या बाईंनी साखळी न काढता दार फटभर उघडलं. "आता काय उरलंय बुडवायचं?"

"बाई, मशीनच्या मागे बोल्ट आहेत का, एवढंच बघते. पाण्याला हात लावणार नाही. खाली कॉक बंद करून आलेय."

"बोल्ट असले तर?"

"तर तो त्याचा स्वभाव नाहीये."

बाईंना हे पटलं की नाही कोण जाणे, पण साखळी निघाली. काल सगळ्यांनी मिळून दार ढकलून माणूस शिरेल एवढी फट केली होती, पण मशीन अजून दारातच उभं होतं. मुंगी अंग चोरून त्याच्या मागे शिरली आणि जमिनीवर पालथी पडली. पाठीवर चार बोल्ट होते, लालभडक टोप्यांचे, कोणी काढायला विसरू नये म्हणून रंगवलेले. तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की बाईंना वाटलं शॉक बसला.

बातमी पसरायला पोस्टमास्तरकाकांचीही गरज पडली नाही. काकू आल्या, त्यांनी जिन्यातली पायपुसणी आणि चपला आधी उचलून घेतल्या. काका पाना घेऊन आले, पण तो लांबूनच बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो आत सरकवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. एक बोल्ट निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याला वेळ लागला. चौथा पक्का अडकून बसला होता. मुंगी दोन्ही हातांनी पान्याला लोंबकळली होती, तेव्हा तिच्या खिशातला फोन वाजायला लागला.

"विद्यापीठातून बोलतेय," कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. "सर विचारताहेत, बोल्ट होते का?"

"होते! चारही होते! तीन काढले."

"बरं. आणि माझ्याकडे प्रवेशाचं काय लिहू? नको लिहू?"

"काय नको?"

"तुम्हीच सकाळी म्हणालात. येणार की नाही ते सांगा, मला पुढचे फोन करायचे आहेत."

"येणार ना! आता ठेवा प्लीज, चौथा फिरायला लागलाय."

बोल्ट निघाला. मुंगी धुळीनं माखून बाहेर आली, नळी नळावर बसवली, दोनदा ओढून बघितली. बाबा खाली जाऊन कॉक उघडून आले. जिन्यावर सगळी मंडळी चपला हातात धरून एकेक पायरी वर सरकली. बाईंनी पेटी पलंगावर ठेवली होती. मुंगीनं मशीन लावलं आणि या वेळेस दार न ओढता, त्याच्यावर हात ठेवून शेजारीच उभी राहिली. बाबाही शेजारी येऊन उभे राहिले.

"फोन कोणाचा होता?" बाबांनी हळूच विचारलं.

"विद्यापीठाचा."

"काय म्हणत होते?"

"बोल्टांचं विचारत होते."

बाबांनी मान हलवली. पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला, तो त्यांनी गिळला, पुन्हा आला, आणि मग त्यांनी चष्मा नीट केला आणि विचारलाच. "आणि... बाकीचं?"

"येते म्हणाले मी त्यांना."

मशीन पिळायला लागलं. आतून एक बारीक, एकसारखी घरघर येत होती, मांजर निजल्यासारखी. ते जागचं तसूभरही हललं नाही. जिन्यावर सगळे श्वास रोखून वाट बघत होते, आणि काहीच होत नव्हतं.

"बंद पडलं का गं ते?" बाहेरून गाण्याच्या बाईंनी दुःखानं विचारलं.

"पाडलं शेवटी पोरीनं," पोस्टमास्तरकाका हळहळले.

"नाही, नाही, चालू आहे," बाबांनी आतून सांगितलं; पण सांगताना त्यांचा आवाज इतका कापला, की कोणाचाच त्यांच्यावर विश्वास बसला नाही, आणि काकूंनी सांत्वन करायला म्हणून चपला खाली ठेवल्या.